कोपऱ्यातलं वजन

७ फेब्रुवारी

प्रिय मुंगे,

अनेक आशीर्वाद. थोरला मावसभाऊ या नात्याने ते देण्याचा मला हक्क आहे, आणि सध्या देण्यासारखं दुसरं काही माझ्याकडे उरलेलं नाही.

बातमी अशी, की मला हृदय आहे. बावीस वर्षं दर रविवारी पेपरात लोकांना टोचून लिहितोय. तेव्हा कितीतरी वाचकांनी कळवलं होतं की या गृहस्थाला हृदय नसावं. गेल्या मंगळवारी डॉक्टरांनी ते पडद्यावर दाखवलं. आहे, पण दमलेलं आहे. जिना चढताना धाप लागायची, ती मी वयावर ढकलली. घोटे सुजायचे, त्याचं खापर बुटांवर फोडलं. डॉक्टर म्हणाले, "दर ठोक्याला आतलं तीस टक्केच रक्त बाहेर पडतंय." मी म्हटलं, "आमच्या कचेरीत तीस टक्के काम करणाऱ्याचा सत्कार होतो." ते हसले नाहीत. तुझी वहिनीही हसली नाही. एका खोलीत दोन माणसं न हसण्याची माझी ही पहिलीच वेळ.

पाच गोळ्या दिल्यात. खरी नावं जिभेला झेपत नाहीत, म्हणून बारसं मीच उरकलं. हृदयाची धावपळ आवरते ती लगाम. रक्तवाहिन्या सैल करते ती सैलाबाई. तिसरी अंगातल्या मिठावर लक्ष ठेवते, ती मीठवाली. चौथी साखरवाली, ती मुळात मधुमेहाची, बदली होऊन हृदयखात्यात आलीय. आणि अंगात साठलेलं पाणी काढते ती मोरी. मोरी सगळ्यांत प्रामाणिक. गिळल्यावर अर्ध्या तासात हिशेब हातात.

सैलाबाई घरात आल्यापासून मला कोरडा खोकला लागलाय. पण विचारायचंय ते वेगळंच. खोक्यात जो घडीचा कागद असतो तो मी भिंग लावून वाचला. (माझं लिखाण इतकं बारकाईने कुणी वाचत नाही.) त्यात म्हटलंय, हजारो रुग्णांवर अभ्यास झालाय. हे हजारो कोण? माझ्या चणीचे, माझ्या रंगाचे, माझ्या आजोबांसारखे आजोबा असलेले त्यात किती? तू याच धंद्यात आहेस. खरं सांग.

तुझा,
दादा

---

१८ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पत्र दुपारच्या सुट्टीत वाचलं. दोनदा. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा नाही.

आधी एक आकडा दुरुस्त करते. निरोगी हृदयसुद्धा शंभर टक्के रक्त ढकलत नाही, साठच्या आसपास ढकलतं. म्हणजे तुझं निम्म्यावर आलंय. आणि औषधं नीट घेतली तर अनेकांचं पुन्हा वर सरकतं, हे मी रोज पाहते.

तू "याच धंद्यात आहेस" म्हणालास खरा, पण इतक्या वर्षांत मी नक्की काय करते हे एकदाही विचारलं नाहीस. तर ऐक. दमलेल्या हृदयांच्या दवाखान्यात मी नर्स आहे. एक खोली, तीन खुर्च्या, एक वजनकाटा, खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. सोमवार ते बुधवार लोक माझ्याकडे येतात. गुरुवारी मी जे येत नाहीत त्यांच्याकडे जाते, वजनकाटा कापडी पिशवीत घालून, बसने. परदेशातल्या या शहरात पृथ्वीवरची सगळ्या प्रकारची माणसं राहतात. "धाप लागते का?" हे मला अकरा भाषांत विचारता येतं. त्यातल्या निम्म्या भाषांत साधा नमस्कार येत नाही, त्यामुळे माझ्याबद्दल लोकांचं पहिलं मत काय होत असेल ते तू समज.

तुझा प्रश्न बरोबर आहे. ते हजारो बहुतेक गोरे, बहुतेक पुरुष. आपल्यासारखे मूठभर. म्हणून आम्ही एक मोठी नोंदवही चालवतो: कोणत्या वंशाच्या माणसाला कोणतं औषध किती मानवतं, काय लागू पडतं, काय त्रास देतं. तुझ्या खोकल्याचंच बघ. तो कुणालाही येऊ शकतो, पण पूर्व आशियाई वंशाच्या लोकांत गोऱ्यांपेक्षा दुप्पट-तिप्पट दिसतो, आणि आपल्या माणसांतही काही कमी नाही. कितीतरी लोक तो वर्षानुवर्षं खोकत बसतात, कारण कुणी सांगत नाही. तू डॉक्टरांना सांग. सैलाबाईला एक बहीण आहे, तेच काम करते, खोकला आणत नाही.

आणि एक गंमत. आमच्या नोंदींत असं दिसू लागलंय, की पूर्वेकडच्या आणि आपल्या चणीच्या बऱ्याच जणांना पुस्तकात लिहिलेल्या पूर्ण डोसच्या निम्म्यावरच तेवढाच फायदा होतो. अजून पक्कं नाही. पण तो आलेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी टेबलावर हात आपटला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मापाचे कपडे घालत होती आपली माणसं!

आता हुकूम. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत वजन करायचं. अंगात पाणी साठू लागलं की काटा माणसाच्या आधी बोलतो. मला लिहिशील त्या प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात त्या दिवसाचं वजन हवं. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर मात्र पत्र लिहीत बसू नकोस, डॉक्टरांकडे पळ. म्हणजे चाल.

तुझी,
मुंगी

---

४ मार्च (वजन ७२.४)

प्रिय मुंगे,

सैलाबाईला माहेरी पाठवलं, तिची बहीण आणली. चौथ्या दिवशी खोकला गेला. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं की खोकला गोळीचा आहे?" मी म्हटलं, "माझी एक बहीण आहे, ती बसने वजनकाटा घेऊन हिंडते." त्यांनी माझ्या कागदावर काहीतरी लिहिलं. बहुधा मेंदूच्या डॉक्टरांचं नाव.

थट्टा बाजूला. तुझं पत्र मी तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. तुला मुंगी हे नाव मी का ठेवलं, आठवतं? सुट्टीत आम्ही सगळे झाडावर आणि तू खाली, भिंतीशी उकिडवी बसून मुंग्या मोजतेयस. एक सुटली तर पहिल्यापासून. आम्ही हसायचो. तू म्हणायचीस, "जी मोजली नाही, ती तिथे नव्हतीच असं होईल ना!" सहा वर्षांची होतीस. आता तू माणसं मोजतेस, जी कुणी मोजली नव्हती. आणि मी बावीस वर्षं लोकांच्या खोड्या मोजत बसलो. आपल्या दोघांत शहाणं कोण, हे मी पत्रात लिहिणार नाही. तू ते जपून ठेवशील.

माझं एक दुखणं आहे, ते हृदयाचं नाही. लगाम सुरू झाल्यापासून डोक्यात ढग बसलाय. चिमटा सुचतो, पण दुसऱ्या दिवशी, अंघोळ करताना. गेल्या रविवारचा लेख संपादकांनी परत पाठवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. वर चिठ्ठी: "या वेळी टोचलं नाही." मुंगे, मला दुसरं काही येत नाही. टोचता येत नसेल तर मी कुणाच्या घरात रविवारी कशाला जाऊ? आणि डॉक्टर म्हणतात, लगाम हळूहळू आणखी वाढवायचा. आणखी वाढवला तर मी अग्रलेख लिहायला लागेन.

ते निम्म्या डोसचं जे तू लिहिलंस, ते मला फार पटलं. आपल्या माणसांचा आलेख! वा.

तुझा,
दादा

---

२० मार्च

प्रिय दादा,

मुंग्यांचं वाचून डोळे भरले, आणि त्याच वेळी तिघंजण वजनाला रांगेत उभे होते. एकाने मला रुमाल दिला. तो स्वतः धापत होता.

तू माझ्या कामाची वाहवा केलीस म्हणून तुला एक गोष्ट सांगते. आमच्याकडे एक बसचालक येतो. आफ्रिकी वंशाचा, धिप्पाड. हसला की खोली लहान वाटते. तो स्वतःच्याच बसच्या तीन पायऱ्या चढताना थांबायला लागला होता. त्याच्या वंशाच्या लोकांसाठी दोन जुन्या गोळ्यांची एक जोडी आहे. नेहमीच्या औषधांना ती जोडली तर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना चांगला गुण येतो, असा एक मोठा अभ्यास झालाय. याला ती कुणी सुचवलीच नव्हती. आम्ही सुचवली, डॉक्टरांनी दिली. दोन महिन्यांनी हा मला त्याच्या बसपर्यंत घेऊन गेला आणि पायऱ्या चढून-उतरून दाखवल्या. तीनदा. प्रवासी खोळंबले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग त्याचा सख्खा भाऊ आला. तेच आईबाप, तोच वंश, तोच आजार, तीच जोडी. त्याचं डोकं फुटायची वेळ आली, रक्तदाब कोसळला. बंद करावी लागली.

बैठकीत आमचे मोठे डॉक्टर म्हणाले, "मग तुमच्या वंशाच्या रकान्याचा उपयोग काय?" मी म्हटलं, "पाकिटावरच्या पत्त्याचा असतो तेवढा. पत्ता गल्लीपर्यंत पोचवतो. दार उघडल्यावर आत कोण बसलंय ते स्वतः बघावं लागतं." तू असतास तर यावर एक लेख झाला असता.

डोक्यातल्या ढगाचं डॉक्टरांना सांग हं. बऱ्याचदा काही आठवड्यांत तो आपोआप विरतो. वहिनीला नमस्कार. आणि कोपऱ्यातलं वजन पाहून फार बरं वाटलं.

तुझी,
मुंगी

---

२३ एप्रिल (वजन ७२.४)

प्रिय मुंगे,

उशीर झाला, रागावू नकोस. सगळं झकास आहे. ढगबिग काही नाही. गेल्या दोन रविवारी असं टोचलंय, की नगरपालिकेतून फोन आला.

तुझा हुकूम मोडलेला नाही. पत्र नव्हतं तेव्हाची वजनंही देतो, म्हणजे तुझी नोंदवही उपाशी राहायला नको. मार्चचा तिसरा आठवडा ७२.४. चौथा ७२.४. एप्रिलचा पहिला ७२.४, दुसरा ७२.४, तिसरा ७२.४. इतकी स्थिरता आपल्या घराण्यात कुणी दाखवली नव्हती.

हल्ली लिखाण आरामखुर्चीतच करतो. झोपही तिच्यातच छान लागते, पलंगावर उगाच अंग पसरावं लागतं. कचेरीचा जिना चढणं सोडलंय. शिपाई मजकूर न्यायला खाली येतो, मोठा माणूस झाल्यासारखं वाटतं. नव्या चपला घेतल्या, एक माप मोठ्या. या वयात पायांना मोकळं वाटावं एवढीच इच्छा.

बसचालकाला माझा सलाम सांग. थोडक्यात आवरतो, हात जरा भरून आलाय.

दादा

---

२ मे

दादा,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तू इस्पितळात असशील. आज सकाळी तुझं पत्र आलं. पाच मिनिटांत मी वहिनीला फोन केला आणि तुझ्या डॉक्टरांनाही. फोनवर तुझ्यावर ओरडले, तेवढ्याने माझं भागलेलं नाही, म्हणून लिहितेय.

मी काय वाचलं ते सांगते. पलंगावर आडवं होता येत नाही, कारण आडवं झालं की पाणी छातीत चढतं. जिना सुटला. चपला एक माप मोठ्या. नेहमी तीन पानं लिहिणारा माणूस एका पानात संपला, आणि तेही दोनदा थांबून. शाईचा रंग मधे बदललाय. आणि वजन! सहा आठवडे ७२.४! अरे, जिवंत माणसाचं वजन हलतं. एक दिवस कमी, एक दिवस जास्त, कधी पोट साफ नाही, कधी पाणी जास्त प्यायलो. न हलणारं वजन दगडाचं असतं, नाहीतर लेखकाचं. दवाखान्यात खोटे आकडे मी शेकड्यांनी पाहिलेत. खोटं लिहिणारा नेहमी नीटनेटकं लिहितो.

वहिनी म्हणाली की तू कबूल झालास: सगळ्या गोळ्या निम्म्या. मोरीसुद्धा! "न्याय सगळ्यांना सारखा" असं म्हणालास म्हणे. पाण्याची गोळी त्या आलेखात नव्हतीच, शहाण्या.

आणि आता माझी चूक. निम्म्या डोसचं मीच लिहिलं, आनंदाच्या भरात. तू "फार पटलं" लिहिलंस ते वाचून मी पुढे गेले. लहानपणापासून तुझी जीभ ओळखते, मला तिथेच थांबायला हवं होतं. तर नीट ऐक. आमच्या नोंदीतली ती माणसं कुणी घरी बसून गोळीचे तुकडे करत नव्हती. ती पायरी पायरी वर चढत होती, दर पंधरवड्याला रक्तदाब बघत, रक्त तपासत. आणि जिथे त्यांच्या शरीराने "बस" म्हटलं तिथे थांबली. त्यांचं निम्मं हे चढून मिळवलेलं निम्मं होतं. तू खाली उतरून मिळवलंस. आलेख हजारोंची सरासरी सांगतो, तुझ्याबद्दल काही सांगत नाही. दार उघडून आत कोण आहे ते बघावं लागतं, हे मी तुला लिहिलं होतं. पत्र पोचलं तेव्हा तू आतून कडी लावून बसला होतास.

चिमटा सुचेनासा झाला तर काय, ही भीती मला कळते. पण टोचायला माणूस हयात लागतो, दादा.

मुंगी

---

१४ मे

प्रिय मुंगीताई,

सप्रेम नमस्कार. हे इस्पितळातून लिहिणार होते, पण हातात सुई आहे. म्हणून मीच लिहिते. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही.

काळजीचं टळलंय. दाखल केलं तेव्हा वजन ७८.६ होतं. सहा किलो पाणी, ताई! बारा दिवसांत उतरलं. पहिले तीन दिवस डॉक्टर माझ्याशी बोलायचे ते माझ्याकडे न बघता, मग चौथ्या दिवसापासून बघायला लागले. तेव्हा मी जेवले.

घरी येऊन झाडलोट केली. वजनकाटा पलंगाखाली, पाठमोरा ठेवलेला सापडला. आणि ह्यांच्या लिहायच्या टेबलाच्या खणात शाईच्या दोन रिकाम्या बाटल्या, अर्ध्या गोळ्यांनी भरलेल्या. मी रोज सकाळी झाकणात पाच गोळ्या काढून टेबलावर ठेवायची, ताई, आणि हे म्हणायचे, "ठेव, वाक्य संपलं की घेतो." पेन्सिलीला टोक करायच्या ब्लेडने कापायचे. मी त्या बाटल्या ओतून मोजल्या. दोनशे पंचावन्न. मोजताना रडले आणि मग एकदम हसायला आलं, कारण पाच गुणिले एक्कावन्न दिवस, बरोबर दोनशे पंचावन्न होतात. म्हणजे ह्या बाबतीत माणूस एक दिवससुद्धा चुकला नाही. इतका नियमितपणा मी तीस वर्षांत पाहिला नव्हता.

बाटल्या इस्पितळात नेऊन ह्यांच्यासमोर ठेवल्या. हे म्हणाले, "मुंगीने फक्त पत्र वाचून ओळखलं." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "असं वाचणारा एक वाचक असला की लेखकाला पुरे."

तुम्ही कशा आहात? जेवता ना वेळेवर?

तुमची,
वहिनी

---

८ जून (वजन ७१.८)

प्रिय मुंगे,

वरच्या आकड्याला साक्षीदार आहे. तुझी वहिनी रोज काट्यासमोर उभी राहते आणि आकडा स्वतः मोठ्याने वाचते, लिलावात बोली पुकारावी तशी.

माफी मागायला मला चौदा मसुदे लागले. पहिले तेरा विनोदी होते, फाडले. चौदावा असा: चुकलो. तुझा आलेख मला आवडला नव्हता, मुंगे, मला तो सोयीचा वाटला होता. आपली माणसं पहिल्यांदा मोजली गेली म्हणून तू टेबलावर हात आपटलास, आणि मी त्या मोजणीतून स्वतःपुरती एक पळवाट काढली. बावीस वर्षं मी असल्याच माणसांना टोचत आलो, जी अर्धं वाचतात आणि पूर्ण शहाणी होतात. आरसा समोर होता, पण मी भिंग लावून खोक्यातला कागद वाचत होतो.

आणि तो नगरपालिकेचा फोन खोटा होता. निम्म्या गोळ्यांवर लिहिलेले दोन्ही लेखही परत आले होते. पाणी चढल्यावर चिमटा सुचत नाही, नुसता श्वास सुचतो.

इस्पितळात रोज पहाटे एक नर्स काटा ढकलत यायची. मी एकदा विचारलं, "बाई, कंटाळा नाही येत? तोच काटा, तीच माणसं." ती म्हणाली, "तीच कुठे? काल तुम्ही अर्धा किलो जास्त होतात." मला वाटलं, तूच आलीस. मी उठून उभा राहिलो. तिला वाटलं वजनासाठी.

मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं. पिशवीतला काटा, गुरुवारची बस, अकरा भाषांतली धाप. तिने ते दुसरीला सांगितलं. बाहेर पडलो तोवर त्या मजल्यावर तू बरीच प्रसिद्ध झाली होतीस. मी नव्हतो. माझं सदर तिथे कुणीच वाचत नव्हतं. एक बाई म्हणाली, "हां, ते शब्दकोड्याच्या वर असतं ते?"

डॉक्टरांनी लगाम पुन्हा पायरीपायरीने चढवायला घेतलाय. ढगाबद्दल मी त्यांना सांगितलं. या वेळी खरं. ते म्हणाले, गोळी सकाळऐवजी संध्याकाळी घेऊन बघा, आणि थोडा धीर धरा. इतकं सोपं होतं. विचारायचं राहिलं होतं.

तुझा,
दादा

---

२४ जून

प्रिय दादा,

तुझं पत्र मी आमच्या खोलीच्या भिंतीवर लावणार होते. मग "चुकलो" या शब्दाखाली पाण्याचा डाग दिसला. तुझा की वहिनीचा ते विचारत नाही. पत्र घरी ठेवलंय.

तुझ्या त्या नर्सला सांग, मला तिच्या हाताखाली काम करायला आवडेल.

आता कामाचं. आमची नोंदवही मोठी होतेय. तुझ्या शहरातलं तेच इस्पितळ तिच्यात सामील झालंय. मागच्या महिन्यातच ठरलं; तुझ्यामुळे नव्हे, उगाच छाती फुगवू नकोस, ती बेताने फुगवायची आहे तुला. तिथले डॉक्टर तुला विचारतील. नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. हो म्हणालास तर दर तीन महिन्यांनी एक फॉर्म: वय, वंश, गोळ्या, डोस, काय त्रास झाला. नाव कुठेही नाही, फक्त क्रमांक. तू पहिल्या पत्रात विचारलं होतंस, त्या हजारोंत माझ्यासारखे किती. एकाने वाढवता येतील.

बैठकीत काल एक तरुण डॉक्टर म्हणाला, ज्यांनी औषधं नीट घेतली नाहीत त्यांच्या नोंदी काढून टाकू, आकडे स्वच्छ दिसतील. मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, ती माणसं काढलीत तर उरतील ती फक्त पुस्तकातली माणसं. माझ्या गुरुवारच्या बसमध्ये पुस्तकातलं कुणी नसतं." मतदान झालं. नोंदी राहिल्या.

तुझं नाव घेतलं नाही. पण उभी तुझ्यामुळेच राहिले.

तुझी,
मुंगी

---

१२ ऑगस्ट (वजन ७२.१)

प्रिय मुंगे,

फॉर्म भरला. आता मी चारशे सतरा. आयुष्यभर नावाखाली लिहिलं. क्रमांकाखाली लिहायला किती मोकळं वाटतं ते आत्ता कळतंय.

वंशाच्या रकान्यापाशी थांबलो. तुझा बसचालक आणि त्याचा भाऊ आठवले. खूण केली, पुढे गेलो. गल्ली तर सांगायला हवी, त्याशिवाय दारापर्यंत येणार कसं कुणी?

मग तो प्रश्न आला: "औषधं सांगितल्याप्रमाणे घेतली का?" पुढे दोन चौकोन, हो आणि नाही, आणि खाली "नाही असल्यास तपशील" म्हणून एक ओळ. बावीस वर्षं ज्याला शब्द कमी पडले नाहीत, तो त्या एका ओळीपुढे वीस मिनिटं बसला. समोरची मुलगी म्हणाली, "काका, 'हो' वर खूण करतात बहुतेक सगळे." मी म्हटलं, "बाई गं, माझी बहीण वाचणार आहे." आणि लिहिलं: "नाही. १२ मार्च ते १ मे, एक्कावन्न दिवस, पाचही गोळ्या निम्म्या. वजनाचे आकडे बनावट. कारण: स्वतःला सरासरी समजलो." मुलीने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कागद दोन्ही हातांनी घेतला.

आता निकाल. लगाम चढत चढत पाऊण डोसवर पोचला. त्यावर एक पायरी चढवली तर उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी. पुन्हा पाऊणवर आणला, तिथे ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, "तुमचं माप हे." पुस्तक म्हणत होतं पूर्ण, तुझा आलेख म्हणत होता निम्मं, आणि हा तुझा दादा दोघांच्या मधे आडवा पडला. सैलाबाईची बहीण मात्र पूर्ण लागते मला. तिथे मी चक्क पुस्तकातला माणूस निघालो. परवा पडद्यावर हृदय पुन्हा पाहिलं: तीसवरून एक्केचाळीस. डॉक्टर हसले. या वेळी मी गप्प होतो, तर तेच म्हणाले, "आता सत्कार करायचा का?" म्हणजे ऐकलं होतं त्यांनी तेव्हा.

आणि गेल्या रविवारचा लेख छापून आला. विषय: अर्धवट वाचून गोळ्या कापणारा एक थोर विचारवंत. संपादकांनी एक शब्दही बदलला नाही. चिठ्ठी आली: "टोचलं. पण या वेळी कुणाला टोचलंय तेवढं कळलं नाही." मी कळवलं नाही. तुझी वहिनी लेख वाचताना इतकी हसली, की मला उठून तिला पाणी द्यावं लागलं. जिन्याखालच्या नळावरून आणलं. म्हणजे उतरलो आणि चढलो, मुंगे, मधे न थांबता. तीनदा चढून दाखवलं असतं, पण टाळ्या वाजवायला प्रवासी नव्हते.

शाईच्या त्या दोन बाटल्या मी धुऊन घेतल्या. एकीतल्या शाईने हे पत्र लिहितोय. दुसरी भरून ठेवलीय, कारण आता पत्रं बरीच व्हायची आहेत.

कोपऱ्यात आजचं वजन आहे, ७२.१. काल ७१.८ होतं, परवा ७२.३. बघ, हलतंय.

तुझा,
दादा, ऊर्फ चारशे सतरा